जाड पुस्तकाचं चाळिसावं पान

मला राग लवकर येतो आणि आला की जायचं नाव घेत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की बाई उगाच तणतणतात. उगाच नाही. आणि या वेळी सगळ्यात जास्त राग कोणाचा आहे, ते शेवटी कळेलच.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला नवा पेपर आला, गेम थिअरीचा. दोन किंवा जास्त माणसं आहेत, प्रत्येकाचं भलं दुसरा काय करतो यावर अवलंबून आहे, आणि तो काय करेल हे आधी माहीत नाही. अशा वेळी कोण काय निवडेल, याचं हे गणित. विषय मोठा गोड आहे. पण शिकवायचं कशावरून? अभ्यासक्रमाच्या कागदावर खाली संदर्भग्रंथांची यादी होती. अकरा पुस्तकं, सगळी एका ओळीत, कुठलं कोणासाठी हे एका अक्षरानं नाही. स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर तरी चिठ्ठ्या असतात हो!

मग चंद्रपूरला आम्हा शिक्षकांची कार्यशाळा झाली. मोठ्या शहरातून एक सर आले होते. बोलले चांगलं, खोटं कशाला सांगू. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "सर, सुरुवात कुठल्या पुस्तकानं करू?" त्यांनी पिशवीतून एक पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. इंग्रजीच, पण सोपी भाषा, गोष्टी, चित्रं, सगळे तक्ते दोन बाय दोनचे. म्हणाले, "हे घ्या, माझ्याकडून. तुमच्याकडची मुलं जंगलातली, त्यांना एवढं पुरे. समीकरणं त्यांना झेपायची नाहीत."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्याकडची मुलं! एवढं पुरे! कोणत्या मुलाला त्यांनी फळ्यासमोर उभं केलं होतं? मी "थँक्यू सर" म्हणाले, पुस्तक घेतलं, आणि कॉलेजात येऊन कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली कोंबून ठेवलं. उघडलंसुद्धा नाही.

हा राग माझा एकटीचा नाही, तो घरून आलेला आहे. माझे बाबा माजरीला कोळशाच्या खाणीत होते. आमचं घर छप्पन्नपासून बौद्ध. दर ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं बाबा आम्हा भावंडांना न्यायचे. मिठाई नाही, खेळणं नाही, प्रत्येकाला एक पुस्तक. आणि पुस्तक कसं निवडायचे? हातात घेऊन तोलून बघायचे, वांग्यासारखं. जड असलं की घ्यायचे. मी पाचवीत असताना माझ्यासाठी भारतीय राज्यघटनेवरचं विटेएवढं पुस्तक घेतलं होतं. मी चित्रांच्या पुस्तकासाठी रडले तर म्हणाले, "सोपं देतेत ना पोरी, तं समज, आपल्याले कमी समजतेत."

हे ते उगीच बोलत नव्हते. आमच्या शाळेत गणिताच्या वेळी एक गुरुजी वर्गाचे दोन भाग करायचे. खिडकीकडच्यांना सातवीची उदाहरणं, भिंतीकडच्यांना पाचवीची. आमच्या वस्तीतली सगळी पोरं भिंतीकडं. बाबा पाळी संपवून तसेच, काळ्या तोंडानं, शाळेत गेले होते भांडायला. दुसऱ्या दिवशी मी खिडकीकडं बसले. ते मी विसरले नाही, आणि विसरणारही नाही. आमच्या माणसांच्या मनात ही गाठ पक्की बसली आहे: अवघड ते खरं, सोपं ती फसवणूक.

तर त्या वर्षी नव्या पेपरसाठी ग्रंथालयानं एकाच पुस्तकाच्या प्रती मागवायच्या असं ठरलं, आणि निवड माझ्यावर सोपवली. आमचे ग्रंथपाल भाऊ कागद घेऊन आले. "मॅडम, एकच नाव लिहा. पोरायले झेपन असं लिहा." 'झेपन' हा शब्द ऐकला आणि मी पेटले. यादीतलं सगळ्यात जाड, सगळ्यात मानाचं पुस्तक लिहिलं. काळ्या पुठ्ठ्याचं. मोठ्या विद्यापीठांत एम.ए.च्या पुढं वापरतात ते. माझ्याकडं त्याची स्वतःची प्रत होती, पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा नागपूरहून आणलेली. पीएच.डी. राहून गेली, पुस्तक टेबलावर राहिलं. टेबलावर असलं की बरं दिसतं.

त्या वर्गात एक मुलगी होती. एटापल्लीच्या पलीकडच्या गावातली, माडिया घरची. घरची बोली माडिया, मराठी आश्रमशाळेत शिकलेली, इंग्रजी तिसरी भाषा. वर्गात बोलायची कमी, पण एक प्रश्न विचारला की पुढचे चार तिच्या तोंडून आपोआप यायचे. एकदा मी सहज म्हटलं की प्रवेश परीक्षा देऊन बाहेर एम.ए. करता येतं, विद्यावेतन मिळतं, राहायची सोय होते. ती दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मोठ्या भावाला विचारून आली. वडील नव्हते, भाऊच घर बघायचा. तो म्हणाला होता, एकदा परीक्षा दे. लागला नंबर तर जा. नाही लागला तर नर्सिंगचा फॉर्म भरायचा, मग दुसरं काही नाही. एकदाच.

डिसेंबर होता. फॉर्म एप्रिलमध्ये भरायचा होता. ग्रंथालयाच्या प्रती अजून आल्या नव्हत्या, म्हणून मी माझी प्रत तिच्या हातात दिली. आणि वर भाषण दिलं. "हे वाच. हे पुण्यामुंबईची मुलं वाचतात. आपण कमी नाही कोणापेक्षा." तिनं ते पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. मला बाबांची आठवण आली आणि डोळे भरून आले. किती नाटकी बाई मी, आता वाटतं.

दर शनिवारी ती यायची. मी विचारायची, "समजतंय ना?" ती म्हणायची, "समजून राह्यलं, मॅडम." तिची वही बघितली तर काय सुंदर अक्षर! पहिलं प्रकरण शब्दन् शब्द उतरवलेलं. व्याख्या, प्रमेय, सिद्धता, सगळं. त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे की खेळ म्हणजे तीन गोष्टींचा संच: खेळाडूंचा संच, प्रत्येकाच्या डावपेचांचा संच, आणि फलांची फलनं. गोष्ट नाही, उदाहरण नाही, माणसाचा मागमूस नाही. ज्याला संच, फलन आणि सिद्धता वाचायची सवय आहे त्याच्यासाठी ते एक पान म्हणजे सगळा दरवाजा उघडणं. ज्याला नाही, त्याच्यासाठी भिंत. मी वही बघितली, "शाब्बास" म्हटलं आणि एकही उदाहरण तिच्याकडून सोडवून घेतलं नाही.

फेब्रुवारीत एकदा घेतलं. तिला जमलं नाही. मी समजावून सांगायला लागले, आणि दोन ओळींनंतर मलाच पुढची पायरी दिसेना. मग मी काय केलं? ओरडले. "डोकं वापर जरा! सगळं मीच सांगायचं का?" तिनं वही मिटली. पुढच्या शनिवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मार्च संपता संपता ग्रंथपाल भाऊंकडं तिनं पुस्तक ठेवलं, खाकी कव्हर घालून. मला वाटलं, परीक्षेच्या अभ्यासाला लागली असेल. विचारलं नाही. विचारायला काय जीभ झिजत होती?

मे महिन्यात, बी.ए.चे पेपर आटोपल्यावर, ग्रंथपाल भाऊ सहज म्हणाले, "तुमच्या पोरीनं तं नर्सिंगचा फॉर्म भरला, मॅडम. तो दुसरा भरलाच नाई म्हणते." प्रवेश परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपून तीन आठवडे झाले होते.

मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसले. तिला फैलावर घ्यायला चालले होते, दुसरं काही मनात नव्हतं. सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांनी रस्ता लाल झालेला, खिडकी बंद केली तर जीव घुसमटे, उघडली तर दातांत कचकच. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. इतकी मेहनत घेतली तुझ्यावर. स्वतःचं पुस्तक दिलं. एक फॉर्म भरता आला नाही? उतरून दोन किलोमीटर पायी गेले, त्यात राग आणखी शिजला.

ती घरासमोर मोहाची फुलं वाळवत होती. मला बघून घाबरली, मग पाणी आणलं. तिची आई आली, हसली, माडियात काहीतरी बोलली. "बसा म्हणते," मुलगी म्हणाली. माझ्यासमोर बाज टाकली. आता पाणी पिऊन झाल्याशिवाय ओरडता येत नाही, म्हणून मी इकडंतिकडं बघत बसले. गावाच्या कडेला चारोळीची झाडं होती, फळांनी लगडलेली, काही काळी पडायला लागलेली. खाली पोरं खेळत होती आणि एकही वर बघत नव्हतं. मला नवल वाटलं. आमच्या माजरीत बोरीला एक बोर पिवळं पडायच्या आत झाड ओरबाडून व्हायचं.

"कोणी तोडत कसं नाही?" मी विचारलं.

"परवा पंडुम हाये," ती म्हणाली. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. आधी गावदेवाला फळ द्यायचं, मग माणसांनी हात लावायचा. "त्याच्या आधी कोणी तोडत नाई."

"आणि तोडलं तर? रात्री जाऊन एखाद्यानं?"

"तोडन ना. कच्चं तोडलं तं आत बी भरत नाई, विकाले गेलं तं कमीच भाव भेटते. पण सगळे थांबले अन् मी एकटीच आधी गेली, तं सगळ्या झाडाचं मलेच भेटते. अन् दुसरे आधी गेले, मी थांबली, तं मले काईच नाई. म्हणून दुसरे थांबले काय अन् आधी गेले काय, मले तं आधी जानंच फायद्याचं. सगळ्यायलेच तसं. मंग सगळेच पळन, अन् सगळ्यायच्या हातात कच्चं." तिनं रस्त्याच्या दिशेनं हात केला. "त्या रस्त्यावरच्या गावात पंडुम बंद केलं. तिथी एप्रिलातच फांद्या तोडतेत."

"आणि इथं का नाही पळत?"

"इथी कोणी आधी तोडलं तं त्याच्या घराच्या कामाले गाव जात नाई. छत शाकाराचं असन, लग्न असन, कोणी येत नाई. मंग आधी जाऊन काय फायदा?"

मी बाजेवरून उठले. चपलेच्या टोकानं अंगणात चार चौकोन काढले. "हे बघ. इकडं तू, इकडं बाकीचं गाव. थांबायचं की आधी जायचं. भर बरं." मी नीट सांगायच्या आत ती खाली बसली. मोहाची फुलं घेतली आणि प्रत्येक चौकोनात दोन ढिगल्या मांडल्या, तिची एक, गावाची एक. दोघं थांबले तर तीन तीन. ती एकटी आधी गेली तर तिला पाच, गावाला शून्य. गाव आधी गेलं तर उलट. दोघंही पळाले तर एक एक. मग आधी जाणाऱ्याच्या ढिगलीतून तीन तीन फुलं उचलून घेतली, जिथं एकच होतं तिथं ते एक. "हे पंडुम," म्हणाली. आता ढिगल्या बघितल्या तर थांबण्यातच शहाणपण होतं.

अख्ख्या पेपरचा कणा तिनं वाळत घातलेल्या फुलांत मांडला होता. शिक्षेची गोष्ट तर आमच्या अभ्यासक्रमात चौथ्या घटकात येते.

"अगं, हेच आहे! हीच गेम थिअरी!"

तिनं ढिगल्यांवर बोट ठेवलं. "हे? हे पुस्तकात कुठी हाये?"

"पहिल्याच प्रकरणात असतं."

"मी पहिलं परकरण पूर्ण लिवून काढलं मॅडम. त्याच्यात नाई."

"त्यात नाही. दुसरी पुस्तकं असतात. पातळ."

"मंग ते काऊन नाई देलं?"

काय सांगणार? की तुला कोणी कमी लेखू नये म्हणून? की मी पाचवीत असताना बाबांनी मला वीट वाचायला दिली होती म्हणून? मी म्हटलं, "मला वाटलं तुला मोठं पुस्तक जमेल." हेही अर्धंच खरं होतं.

ती ढिगल्या मोडून फुलं परत पसरायला लागली. खाली बघतच म्हणाली, "तुमच्या पुस्तकात पेन्सिलच्या खुणा होत्या ना मॅडम. समासात. चाळिसाव्या पानापर्यंत. पुढी एक बी खूण नाई. मले वाटलं, पुढचं तुमाले इतकं सोपं गेलं असन का खूण कराची गरजच पडली नाई. मी तं चौथ्या पानावर अडकली होती. मनलं, आपलं हे काम नाई."

नागपूरहून पुस्तक आणलं त्या उन्हाळ्यात मी चाळीस पानं वाचली होती. चाळिसाव्या पानावरची सिद्धता मला कळली नाही. पाच वेळा वाचली, कळली नाही. कोणाला विचारायची लाज वाटली. पीएच.डी. तिथंच राहिली, घरात सांगितलं वेळ मिळत नाही. आणि ते पुस्तक मी या पोरीला देऊन वर म्हणत होते, डोकं वापर.

त्या अंगणात मी ते तिला सांगितलं. सगळं. मला वाटलं तिला हलकं वाटेल, हसेल.

ती उभी राहिली. वर्षभरात तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "मंग सांगितलं काऊन नाई? मी चार महिने सोताले ढ समजून राह्यली! भावाले सांगतलं का मले येत नाई म्हणून. तुमाले बी येत नव्हतं तं सांगाले काय झालं होतं?"

तिची आई दारात आली. मला फैलावर घ्यायचं होतं ना? घेतलं गेलं, बरोबर माणसाला. शेवटची एसटी चुकू नये म्हणून तिनंच मला रस्त्यापर्यंत सोडलं. मी भावाशी बोलते म्हटलं तर तिनं नको अशी मान हलवली. तो म्हणालाच होता, एकदाच. मी तरी बोलून बघितलं, पण फॉर्म गेला म्हणजे ती एक वेळही गेली, यावर तो शब्दाचा पक्का निघाला.

दुसऱ्या दिवशी मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ते पिवळं पुस्तक काढलं. एका बैठकीत वाचलं. चांगलं होतं, फार चांगलं. त्या सरांचा राग तरीही गेला नाही. पुस्तक बरोबर होतं, द्यायचं कारण सडकं होतं. सोपं पुस्तक सुरुवात म्हणून द्यायचं असतं, त्यांनी कुंपण म्हणून दिलं. आणि मी अशी शहाणी की कुंपणाच्या रागात पायरीच उखडून टाकली! त्याच आठवड्यात प्रवेश परीक्षेचे जुने पेपर काढून बघितले. हे डिसेंबरमध्ये करायचं काम. काळ्या पुस्तकातलं त्यात काहीही नव्हतं. सगळं मधल्या पातळीचं होतं: तक्ते, झाडासारख्या आकृत्या, थोडी संभाव्यता, थोडं विकलन. यादीत सहाव्या क्रमांकावर बरोबर तसं एक निळं पुस्तक होतं, सोडवलेली उदाहरणं आणि मागं उत्तरं असलेलं. पिवळं दोन महिने, निळं दोन महिने. एप्रिलपर्यंत आरामात झालं असतं. तिला तर त्याहून कमी लागलं असतं.

आता मी पुस्तक निवडताना प्रस्तावना वाचत नाही, कोण वापरतं ते विचारत नाही, जाडी तर बघतच नाही. पहिल्या प्रकरणाचं पहिलं उदाहरण मुलाला माझ्यासमोर सोडवायला लावते. सुटलं पटकन, तर पुढचं पुस्तक. रडत सुटलं, तर हेच. नाही सुटलं, तर मागचं, आणि त्यात लाज नाही हे मोठ्यानं सांगते. तिन्ही पुस्तकं ग्रंथालयात एकाच फळीवर आहेत. प्रती मागवताना समितीत भांडले, तेवढं मला येतं.

काळं पुस्तकही तिथंच आहे, माझी प्रत, खाकी कव्हरसकट. चाळिसाव्या पानावर मी पेनानं लिहिलंय: 'मी इथं अडकले.' दरवर्षी पहिल्या तासाला ते पान उघडून वर्गात फिरवते. मुलं हसतात. हसू द्या. जिनं ते पान डिसेंबरमध्ये बघायला हवं होतं, ती गडचिरोलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.